बिनशेपटीची कोंबडी

हॅल्व्होर्सनने टेबलावर एक फोटो ठेवला आणि तो ओडेतच्या तोंडाकडे बघत राहिला. फोटो मायक्रोस्कोपमधून काढलेला होता. राखाडी पट्टे, त्यांच्यामधून वळणं घेत गेलेल्या बारीक रेघा, आणि एका कोपऱ्यात, जिथे रेघांचं काहीच काम नव्हतं तिथे, एक कोंबडी. चोच उघडी, एक पाय वर उचललेला, आणि शेपटी अर्ध्यातच छाटलेली.

"कोणाची ही?" त्याने विचारलं.

"माझी," ओडेत म्हणाली. "टेलिफोनच्या चिपमधली. का, कुठे नडली की काय?"

"ही आपली चिप नाही, ओडेत. समोरच्यांची आहे. परवा बाजारात आली. आपण एक आणली, झाकण फोडून आत बघितलं, तर ही बसलेली."

ओडेत आधी हसली, आणि चांगली पोट धरून हसली. रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतल्या शहाण्यांनी तिच्या कंपनीची चिप उघडली होती, थर एकेक करून खरवडले होते, फोटो काढले होते आणि रेघ न रेघ गिरवून आपली म्हणून विकायला काढली होती. गिरवता गिरवता तिची कोंबडीही उचलून नेली होती. त्या कोंबडीतून ना वीज येते ना जाते. तिचा चिपला काडीचा उपयोग नाही. हॅल्व्होर्सन हा नकाशांच्या विभागाचा साहेब, वर्षानुवर्षं तोंड पाडून बसणारा माणूस, पण तोही त्या दिवशी हसला.

मग ओडेतचं हसू मध्येच थांबलं. समोरच्यांच्या नकाशाच्या खोलीची मुख्य लुमिंग होती, तिनेच हाताखाली शिकवलेली.

"लुमिंगला विचारलंत कोणी?" तिने विचारलं.

"आता वकील विचारतील," हॅल्व्होर्सन म्हणाला. "तू फक्त एवढंच सांगायचं, की ही तुझी. बाकी त्यांचं ते बघतील."

आज ज्यांना सगळं यंत्रच काढून देतं त्यांना हे खरं वाटणार नाही, पण त्या काळी आमच्या सांता क्लाराच्या खोऱ्यात चिपचा नकाशा माणसं हाताने मांडत. इंजिनिअर सांगायचा की अमुक भाग तमुक भागाला जोडा. कुठली तार कुठून न्यायची, कुठे वळवायची, दोन तारांत किती जागा सोडायची, हे टेबलावर बसलेल्या बायका ठरवत. सुरुवातीला तर जेवणाच्या टेबलाहून मोठ्या लाल फिल्मवर सुरीने कापून तो नकाशा तयार व्हायचा आणि मग फोटो काढून काढून नखापेक्षा लहान करायचा. पुढे संगणकाचे पडदे आले, सुरी गेली, पण बायका त्याच राहिल्या.

ओडेत सिल्व्हेरा मूळची पोर्तुगीज, अझोरसमधल्या तेर्सेइरा बेटावरची. लग्न होऊन आली ती नवऱ्याच्या काकाच्या गोठ्यावर, आणि पहिले उन्हाळे तिने जर्दाळू कापण्यात घालवले. शेडमध्ये उभं राहायचं, फळ हातात घ्यायचं, सुरी फिरवायची, बी काढून टाकायची, दोन फाका ताटात मांडायच्या. जर्दाळूच्या बागा तोडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा गावातल्या बाया रडल्या. ओडेत रडली नाही. तिला जर्दाळूचा वास आवडत नसे. शेजारणीने सांगितलं, त्या नव्या कंपनीत सुरीचा हात असलेल्या बायका हव्यात. ती गेली, तिच्यासमोर लाल फिल्मचा तुकडा टाकला, आणि खालच्या थरावर ओरखडा न उठवता तिने तो कापला. त्याच दिवशी तिला ठेवून घेतलं.

इंजिनिअर लोक बायकांच्या त्या खोलीला 'खुराडा' म्हणायचे. "खुराड्यात टाकून आलो," "खुराडा काय म्हणतोय आज?" असं येता-जाता चालायचं. बायकांपैकी तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण एका चिपचा नकाशा पुरा होत आला असताना ओडेतने रिकाम्या कोपऱ्यात एक कोंबडी कापून ठेवली. चिप तयार होऊन आली, इंजिनिअरने मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर आतून एक कोंबडी चोच वासून त्याच्याकडे बघते आहे. तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. रागावण्याऐवजी त्याने सगळ्यांना बोलावून दाखवली, आणि तेव्हापासून खुराड्यातून कोंबडीशिवाय चिप बाहेर पडली नाही. दुसऱ्या कोपऱ्यात इंजिनिअर आपल्या नावाची आद्याक्षरं टाकून घेत, दुकानाच्या पाटीसारखी ठळक. झाकणावर कंपनीचं नाव असे. नकाशा ज्यांनी मांडला त्यांचं नाव कुठेच नसे. त्यांची ती कोंबडी.

लुमिंग आली तेव्हा तिला धड रेघही सरळ ओढता येत नव्हती. पूर्ण नाव इलुमिनादा बाकलिग, फिलिपिन्समधल्या इलोकोसची. बाप स्टॉकटनच्या शेतांवर शतावरी खुडून म्हातारा झालेला. ओडेतने तिला शेजारच्या टेबलावर बसवलं आणि घासून पुसून शिकवलं. तार कशी वळवायची, जागा कशी वाचवायची, आणि शेवटी कोंबडी कशी काढायची तेही. "कोंबडीने कुठल्या तारेला चिकटायचं नाही, कोणाच्या वाटेत यायचं नाही," ओडेत सांगायची. "आपण चिप बिघडवली असं कोणाला म्हणता आलं नाही पाहिजे. मग बस म्हणावं ओरडत." लुमिंग तिला मानांग म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत थोरली बहीण. दुपारी ओडेतच्या डब्यातली गोड पावाची चकती तिकडे जायची आणि तिकडून शेवयांचं पानसित यायचं. असं कितीतरी वर्षं चाललं.

मग समोरच्यांनी लुमिंगला बोलावलं. इथे हॅल्व्होर्सन तिला जन्मात मुख्य करणार नव्हता. तिथे सगळी खोली तिच्या हाताखाली येणार होती. आमच्या खोऱ्यात नोकरी बदलायची म्हणजे पुष्कळदा नुसता रस्ता ओलांडायचा. ओडेतच म्हणाली, "जा. इथे बसून माझ्यासारखी म्हातारी होणार आहेस का?" लुमिंग वसंतात गेली. टेलिफोनच्या चिपचं काम पुरं झालं उन्हाळ्यात, आणि शेवटच्या दिवशी हॅल्व्होर्सनने वीज नेणारी एक तार रुंद करायला लावली. ती तार कोंबडीच्या शेपटीवर येत होती. ओडेतने शेपटी अर्ध्यात छाटली, मनातल्या मनात हॅल्व्होर्सनला चार शिव्या हासडल्या, आणि नकाशा देऊन टाकला. हॅल्व्होर्सनला हे आठवण्याचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी त्या दिवशी एक तार रुंद झाली होती, एवढंच.

म्हणून फोटो बघताक्षणी ओडेतने 'माझी' म्हटलं होतं. अर्ध्या शेपटीची कोंबडी तिने एकदाच काढली होती, आणि तेव्हा लुमिंग खोलीत नव्हती.

समोरच्यांचं उत्तर आलं ते वकिलांमार्फत. कंपनीच्या वकील प्रुइट बाईंनी ते ओडेतला वाचून दाखवलं. प्रुइट बाई तरुण होत्या, बोलायला नीट होत्या, आणि कपाळावर आठी पडली की शाळेतल्या मुलीसारख्या दिसायच्या. समोरच्यांचं म्हणणं असं, की चिप त्यांनी स्वतः बनवली; दोन्ही चिपांचं काम एक म्हणून नकाशे सारखे झाले. आणि कोंबडी? कोंबडी त्यांच्या मुख्य बाईने जुन्या सवयीने मनाने काढली. तसं इलुमिनादा बाकलिग हिने शपथेवर लिहून दिलं होतं. खाली सही होती.

ओडेतने सही पाहिली. ती लुमिंगचीच होती.

"दोन्ही कोंबड्या हुबेहूब आहेत," प्रुइट बाई म्हणाल्या. "पण त्यांचं म्हणणं, तुम्हीच तिला तशी शिकवलीत. मग हुबेहूब असणारच. मला असं काहीतरी हवंय जे तिला आठवणीतून काढता आलं नसतं. या कोंबडीत असं काही आहे का?"

"आम्ही सगळ्याजणी सारखीच काढतो," ओडेत म्हणाली.

"नीट आठवून बघा. घाई नाही."

"आठवायचं काय त्यात? कोंबडी ती कोंबडी."

प्रुइट बाईंनी मान हलवली आणि फोटो पाकिटात घातला. ओडेत जिना उतरून गाडीत जाऊन बसली. अजून शपथ घेतलेली नव्हती. पण जबानीचा दिवस ठरला होता आणि तेव्हा हात वर करून बोलायचं होतं. अर्धी शेपटी सांगितली तर समोरच्यांची चोरी उघडी पडणार होती आणि लुमिंगने खोटी शपथ घेतली हे सगळ्या खोऱ्याला कळणार होतं. आमच्याकडे कोण कुठे काय करून बसलं हे दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या कंपन्यांना माहीत व्हायचं. लुमिंगला मग कोणी दारातही उभं केलं नसतं.

घरी तिने नवऱ्याला, ऑरेलियोला सांगितलं. तो मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता; खऱ्या कोंबड्यांना. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा तोच उद्योग होता.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर गप्प बसायचं."

"आणि विचारलं तर?"

"मग सांगायचं."

"आणि लुमिंगचं काय?"

"तिने लिहून देताना तुझा विचार केला?"

"तू दाणे टाक," ओडेत म्हणाली आणि आत गेली. पण ते तिला लागलं. लुमिंगने सही केली याचा तिला तेवढा राग नव्हता. पोट असलेला माणूस सही करतो. तिला राग याचा होता की लुमिंगने कोंबडी पुसली का नाही. फोटोवरून नकाशा गिरवताना तिने ती ओळखली असणार, ओळखल्यावाचून राहिली नसणार. एक बटण दाबलं की कोंबडी गायब झाली असती आणि मग कोणाच्या बापाला काही सिद्ध करता आलं नसतं. मूर्ख मुलगी, ओडेत स्वतःशी म्हणाली. शिकवलं तेव्हाही अर्धं लक्ष बाहेर असायचं हिचं.

दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही असं दोन्हीकडच्या वकिलांनी बजावलं होतं. पण शुक्रवारी मासे घ्यायला जायचं नाही असं कोणी बजावलेलं नव्हतं, आणि त्या दुकानात पोर्तुगीज, फिलिपिनो सगळेच जात. ओडेत रांगेत उभी होती. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. तिने मान न वळवताही ओळखलं.

लुमिंग बर्फावरच्या माशांकडे बघत म्हणाली, "मानांग, माझ्याकडे बघू नकोस."

"मी कशाला बघू? मी पापलेट बघतेय."

"ते पापलेट नाहीये."

"मला शिकवू नकोस," ओडेत म्हणाली. मग तिनेही बर्फाकडेच बघत विचारलं, "का लिहून दिलंस ते?"

"त्यांनी टाइप करून आणलं होतं. टेबलावर ठेवलं, पेन ठेवलं. साहेब उभा राहिला डोक्याशी. म्हणाला, नाहीतर तुझ्या खोलीतल्या सगळ्यांना घरी पाठवावं लागेल. तुला माहितीये माझ्या खोलीत कोण आहेत ते. निम्म्या माझ्या गावच्या आहेत, मीच आणलेल्या." लुमिंगचा आवाज खाली गेला. "तू काय सांगणार आहेस?"

"मला अजून विचारलं नाही."

"विचारतील. तू नुसतं म्हण, कोणीही काढली असेल. खोटं थोडंच आहे ते? खुराड्यात आपण सगळ्या काढायचो."

"आणि शेपटी?"

ओडेतने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती वाळली होती, आणि केसांत पांढरं आलं होतं, ते आधी नव्हतं.

"मी त्यांना सांगितलंय की आपण तशीच काढायचो," लुमिंग म्हणाली. "आखूड. तेवढं एक हो म्हण, मानांग. मी तुझ्या पाया पडते."

"तू ती पुसली का नाहीस, बाई? एवढी अक्कल नव्हती तुला?"

काउंटरवरच्या माणसाने ओडेतचा नंबर पुकारला. लुमिंग काही न घेताच दाराकडे वळली आणि गेली. ओडेतने कुठला तरी मासा बांधून घेतला. घरी येऊन उघडला तेव्हा तो तिला न आवडणारा निघाला.

त्या रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून बसल्यावर तिचं ठरलं. हो म्हणायचं. कंपनी काही बुडणार नव्हती; बुडली तरी हॅल्व्होर्सनला दुसरीकडे घेतील, त्याच्यासारख्यांना नेहमीच घेतात. लुमिंगला कोणी घेणार नाही. आणि खोट्या शपथेचं पाप? ते ती पाद्रीबाबांकडे कबूल करेल, काय प्रायश्चित्त पडायचं ते पडेल. एवढं ठरल्यावर तिला गाढ झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

जबानी वकिलांच्या कचेरीतल्या लांब टेबलावर झाली. एका बाजूला प्रुइट बाई, दुसऱ्या बाजूला समोरच्यांचे वकील केस्लर, कडेला एक बाई छोट्या यंत्रावर सगळं शब्दन् शब्द टिपून घ्यायला बसलेली. हॅल्व्होर्सन मागे खुर्चीत होता. ओडेतने हात वर करून शपथ घेतली. केस्लर पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी तिला पाणी हवं का विचारलं. मग तिचं गाव विचारलं, जर्दाळूचं विचारलं, सुरी कशी धरायची ते विचारलं. ओडेतला कोणी कधी इतकं विचारलं नव्हतं. ती सावध होती, तरी बोलत गेली.

"ही कोंबडी पहिल्यांदा तुम्ही काढलीत?"

"हो."

"मिस बाकलिगला तुम्हीच शिकवलीत?"

"हो."

"इतर बायकांनाही?"

"हो. सगळ्यांना."

"म्हणजे त्या खोलीतली कोणतीही बाई डोळे मिटून ही काढू शकेल."

"काढू शकेल," ओडेत म्हणाली. प्रुइट बाईंचं लिहिणं थांबलं. मागे हॅल्व्होर्सनची खुर्ची करकरली. ओडेतने तिकडे बघितलं नाही.

केस्लरनी दोन मोठे फोटो तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. "ही तुमच्या चिपमधली. ही आमच्या. शेपटी दोन्हीकडे आखूड आहे. तीही तुमच्या खोलीची पद्धतच का?"

एक शब्द होता. ओडेतने तो तोंडात आणून ठेवला होता. लुमिंग रिकाम्या हाताने माशांच्या दुकानातून गेली ते तिला दिसलं, आणि तिने बोलायला तोंड उघडलं. तिला घसा साफ करावा लागला, एवढाच काय तो उशीर झाला.

केस्लरना वाटलं, बाई अडखळतेय, आपण हात द्यावा. ते हसून म्हणाले, "माझ्या विचारण्याचा अर्थ एवढाच, सिल्व्हेरा बाई, की ही कोंबडी तशी कोणाचीच नव्हे. खोलीतली एक गंमत. कोणीही काढावी, कुठेही काढावी. तुमची अशी ती नाही."

आता त्या माणसाचा यात काही दोष नव्हता. तो आपलं काम करत होता आणि ओडेतलाच मदत करत होता. ती 'बरोबर' म्हणाली असती तर तिला जे हवं होतं तेच झालं असतं. पण ओडेतच्या डोक्यात काहीतरी सणकलं. सगळी हयात टेबलावर वाकून काढली, पाठ गेली, डोळे गेले. नाव झाकणावर दुसऱ्याचं, कोपऱ्यात तिसऱ्याचं. एवढ्या चिपा जगभर टेलिफोनांत, यंत्रांत, कुठे कुठे जाऊन बसल्या, आणि त्यांत तिचं म्हणून जे काय होतं ते केसाहून बारीक. त्यालाही हा माणूस कोणाचंच नाही म्हणतो.

"माझी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे, मूळ कल्पना तुमची—"

"कल्पना नाही. ही कोंबडी माझी आहे. ही, आणि ही पण." तिने दोन्ही फोटोंवर बोट ठेवलं. "आमच्या कोंबडीला पूर्ण शेपटी असते. जुनी कुठलीही चिप फोडून बघा. हिची मी छाटली, कारण हॅल्व्होर्सन साहेबांनी शेवटच्या दिवशी तार रुंद करायला लावली. लुमिंग तेव्हा नव्हती. ती वसंतात गेली होती. तिने ही कधी बघितलीच नाही, बघितली असेल तर फोटोतच."

यंत्रावरच्या बाईची बोटं चालत राहिली आणि मग थांबली. केस्लरनी फोटो हळूच आपल्याकडे ओढले. प्रुइट बाई पुन्हा लिहू लागल्या, भराभर. ओडेतला कळलं होतं आपण काय केलं ते. शब्द परत घेता येतात का असं तिला विचारावंसं वाटलं, आणि येत नाहीत हेही माहीत होतं.

बाहेर जिन्यात हॅल्व्होर्सनने तिचा हात हातात घेतला. "आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. ओडेतने हात सोडवून घेतला आणि ती स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला टेकून रडली.

खटला कोर्टापर्यंत गेलाच नाही. दोन्हीकडच्या साहेबांनी एकत्र बसून जेवण केलं, समोरच्यांनी चिप बाजारातून काढून घेतली, आणि हात मिळवून सगळे आपापल्या घरी गेले. लुमिंगच्या साहेबाचं काही बिघडलं नाही. नकाशा गिरवण्याचं काम खालच्या कर्मचाऱ्यांनी परस्पर केलं, असं ठरलं. खालचे कर्मचारी म्हणजे लुमिंग; तिला काढून टाकलं. तिच्या खोलीतल्या बायकांनाही नंतर घरी पाठवलं, ते वेगळंच.

इकडे खुराड्यात वरून हुकूम आला, की यापुढे प्रत्येक चिपमध्ये कोंबडी असलीच पाहिजे, आणि प्रत्येक कोंबडीत एक खोट मुद्दाम ठेवायची. वकिलांचं तसं म्हणणं आहे. हॅल्व्होर्सन येऊन प्रत्येकीची कोंबडी तपासू लागला. ओडेत काढून द्यायची. चोच, पाय, शेपटी, सगळं नियमाप्रमाणे. त्यावर मग कोणी हसलं नाही.

पोर्तुगीजांच्या पवित्र आत्म्याच्या उत्सवात आमच्याकडे जो येईल त्याला जेवू घालतात. पाव, त्यावर पुदिना, आणि वरून गोमांसाचा उकळता रस्सा, याला सोपास म्हणतात. कोण, कुठला, कशाला आलास, विचारायचं नाही. ताटली पुढे आली की वाढायचं. त्या वर्षी ओडेत वाढायला उभी होती. मान खाली घालून ती पळीमागून पळी रिकामी करत होती, आणि एक ताटली पुढे आली ती धरणारा हात तिने ओळखला. त्या हाताला पेन्सिल धरायला तिनेच शिकवलं होतं.

"मानांग," लुमिंग म्हणाली.

ओडेतला वर बघवेना. "कुठे असतेस आता?" तिने विचारलं.

"मिल्पिटासला. एका म्हाताऱ्या बाईचं करते. आंघोळ घालायची, जेवू घालायचं." लुमिंग हे साध्या आवाजात म्हणाली, टोमणा मारायला नव्हे. "बरी आहे म्हातारी. तुझ्याइतकी खवट नाही."

ओडेतला हसू आलं नाही. जे इतके दिवस पोटात होतं तेच बाहेर आलं. "एक बटण दाबायचं होतंस, लुमिंग. एकच. तेवढं केलं असतंस तर यातलं काही झालं नसतं. का नाही पुसलीस?"

लुमिंगने ताटली दोन्ही हातांत धरली.

"पुसायलाच बसले होते," ती म्हणाली. "साहेबाने फोटो टाकले पुढे, म्हणाला गिरवा. कुठल्या चिपचे ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला कळत होतं, पण मी स्वतःला म्हणायचे, मला काय माहीत. आणि मग कोपऱ्यात ही आली. बघितलं तर शेपटी नाही. मला वाटलं, मी नाही म्हणून मानांगला कोणी त्रास दिला की काय." तिने ओठ दाबले. "तिथे माझ्याशी धड कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांची मुख्य ना मी. सकाळी पडदा लावला की मी आधी तिला बघायचे. पुसते पुसते म्हणत काम संपत आलं आणि हात नाही गेला. तुझी होती ना ती."

रस्सा पळीत तसाच राहिला होता. मागच्या माणसाने पाय बदलला.

"आणि तू?" लुमिंगने विचारलं. "तू हो म्हणणार होतीस. मला माहीत होतं तू म्हणशील. मग का सांगितलंस? शपथ होती म्हणून?"

ओडेतला हो म्हणता आलं असतं. सगळे तसंच समजत होते, पाद्रीबाबासुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "तो म्हणाला ती कोणाचीच नाही. मला ती माझी हवी होती."

लुमिंग तिच्याकडे बघत राहिली. ओडेतनेही आता वर बघितलं. दोघींपैकी कोणीही डोळे पुसले नाहीत.

"वाढ," लुमिंग म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."